आधी शब्दाचा शेवट बघा, स्वल्पविराम मागाहून

तुम्ही लिहिलंय, की डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत तुम्ही मराठी शिकवता, मुलं घरी कोकणी बोलतात आणि निबंधाच्या वह्या तपासल्या की अर्धं पान लाल होतं. तुमचा प्रश्न असा, की व्याकरणाचे, ह्रस्व-दीर्घाचे आणि विरामचिन्हांचे नियम खरोखर लेखन घडवतात का, की त्यांनी मुलांच्या मनात नुसती भीती बसते? आणि नियमांचा आग्रह धरला तर गोव्याची मराठी गोव्याची राहील का?

मी २७ वर्षं प्रुफं तपासते आहे. दैनिकाची पानं, देवस्थानांच्या पत्रिका, शाळांच्या स्मरणिका, जत्रेतल्या नाटकांच्या संहिता, अधूनमधून एखादा कवितासंग्रह. त्या अनुभवावरून सांगते: नियम लेखन घडवतात, पण सगळे सारखे नाहीत. कुठला नियम किती वजनाचा हे ज्याला कळलं त्याचा लाल पेन निम्म्याने थांबतो, आणि उरलेला निम्मा जास्त कामाचा होतो.

हे मला शिकवणारी घटना नोकरीच्या पहिल्या वर्षातली. रात्री उशिरा एक निधनवार्ता आली. हाताने लिहिलेला कागद, ऑपरेटरने जसाच्या तसा उतरवलेला. मी वाचला आणि पुढे सोडला. शेवटचं वाक्य असं होतं: ‘त्या कै. अमुक व तमुक यांच्या भगिनी होत.’ ह्रस्व-दीर्घ चोख, पूर्णविराम जागेवर. मला काहीच खटकलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी साठीचे एक गृहस्थ कार्यालयात आले, हातात आमचा अंक. ‘बाय, हांव जिवो आसां,’ म्हणजे ‘बाई, मी जिवंत आहे,’ एवढंच म्हणाले. ते वाक्यातले ‘तमुक’. बहिणीला निरोप देऊन घरी आलेल्या त्या माणसाचा फोन सकाळपासून वाजत होता, आणि दोन नातेवाईक तर त्यांच्याच दुखवट्याला दारात येऊन उभे राहिले होते. ‘कै.’ लिहिलं होतं पहिल्या नावाला, पण ‘व’मुळे ते दोन्ही नावांना चिकटलं. ‘तमुक व कै. अमुक यांच्या भगिनी’ असं लिहिलं असतं तर काहीच घडलं नसतं. एक अक्षरसुद्धा वाढवावं लागलं नसतं.

त्या दिवसापासून प्रूफ हातात घेतलं की मी चूक शोधायला बसत नाही. आधी विचारते, हे वाक्य वाचून कुणाचा काय गैरसमज होईल? नियमांचं वजन मी त्यावरून ठरवते.

आता मराठीचं म्हणाल तर गैरसमजाची पहिली जागा शब्दाच्या शेवटी असते. ‘कुत्र्यांनी बिबट्याला हुसकावलं’ म्हणा किंवा ‘बिबट्याला कुत्र्यांनी हुसकावलं’ म्हणा, कोण पळालं याबद्दल शंका राहत नाही. कोण, कुणाला, कुठून, किती जण, आदराने की अरेतुरेत, हे सगळं आपली भाषा शब्दाच्या शेपटीत भरते. ‘मुख्याध्यापकाने सांगितलं’ आणि ‘मुख्याध्यापकांनी सांगितलं’ यांतला फरक एका टिंबाचा आणि एका वेलांटीचा, पण त्यात त्या माणसाशी तुमचं नातं आलं. म्हणून मी नवीन उपसंपादकाला पहिल्या आठवड्यात फक्त शब्दांचे शेवट वाचायला लावते. स्वल्पविरामांकडे नंतर बघू म्हणते.

गोव्यात या शेपटांना सध्या सगळ्यात जास्त धक्का बसतोय तो गावांच्या नावांत. आम्ही लहानपणी फोंड्यात राहायचो, म्हापशाला बाजाराला जायचो, पेडण्याहून पाहुणे यायचे, शिरोड्याची जत्रा असायची. आता पत्रकं येतात: ‘फोंडामध्ये शिबिर’, ‘म्हापसामधील रहिवासी’, ‘पेडणेहून बस’. अर्थ कळतो, हे मान्य. पण सामान्यरूप ही मराठीची चाल आहे. शब्दाला प्रत्यय लागायचा तर शब्द आधी थोडा वाकतो. शाळा वाकून ‘शाळेत’ होते, घोडा वाकून ‘घोड्यावर’ होतो, तशी शांतादुर्गा वाकून ‘शांतादुर्गेच्या चरणी’ होते. ‘शांतादुर्गाच्या चरणी’ असं मी दोन पत्रिकांमध्ये वाचलं आणि दोन्ही वेळा परत पाठवलं. नाव न वाकवता मागे ‘मध्ये’ जोडायची सवय लागली, की मूल ‘ओढामध्ये’, ‘वाडामध्ये’सुद्धा लिहू लागतं, कारण त्याच्या कानातून ती चालच निघून जाते. यावर तुम्ही वर्गात जरूर अडून बसा. आडनावांची गोष्ट वेगळी. ‘गावड्यांनी सांगितले’ घरात चालतं, बातमीत आम्ही ‘गावडे यांनी सांगितले’ लिहितो, म्हणजे माणसाचं नाव मोडत नाही आणि आदरही राहतो. हा नियम वृत्तपत्रांनी स्वतःच्या सोयीसाठी केला आणि तो चांगला आहे.

जाता जाता एक. आपल्या राजधानीचं नाव आणि आजीच्या आईचं नातं एकच. ‘मी पणजीत राहतो’ आणि ‘मी पणजीकडे राहतो’ ही दोन वाक्यं फळ्यावर लिहा आणि मुलांना फरक विचारा. प्रत्यय म्हणजे काय हे दहा मिनिटांत कळेल.

शेपटाचा आणखी एक चमत्कार म्हणजे ‘च’. ‘मीच त्याला पैसे दिले’, ‘मी त्यालाच पैसे दिले’, ‘मी त्याला पैसेच दिले’, ‘मी त्याला पैसे दिलेच’. चार वाक्यं, चार भांडणं. इंग्रजीत यासाठी बहुतेकदा शब्द ठळक छापावा लागतो किंवा आवाज चढवावा लागतो. आपल्याकडे एक अक्षर पुरतं. आणि ते चुकीच्या शब्दाला लागलं तर कुठलंही विरामचिन्ह ते वाक्य वाचवू शकत नाही.

आता एक नियम असा, जो कुणी शिकवत नाही पण आपल्या सगळ्यांना येतो. हे वाक्य बघा: ‘सरपंचांनी आमदारांना सांगितले, की ते या प्रकल्पाच्या विरोधात आहेत.’ कोण विरोधात? सरपंच की आमदार? वाक्यावरून कळत नाही. मराठीचा स्वतःचा मार्ग असा: ‘आपण या प्रकल्पाच्या विरोधात आहोत, असे सरपंचांनी आमदारांना सांगितले.’ ‘आपण’ म्हणजे बोलणारा. संशय फिटला. शिवाय ‘असे’ हा शब्द अवतरणचिन्हाचं काम करतो. बोलणं कुठे संपलं आणि सांगणारा कुठे सुरू झाला, हे तो दाखवतो. आमच्याकडे येणारी बरीच पत्रकं इंग्रजीतून उतरवलेली असतात, त्यामुळे ‘की ते’, ‘की त्यांनी’ यांचा सुकाळ असतो. मी त्यातल्या बहुतेकांना ‘आपण… असे’ करते, आणि वाक्य एकदम घरच्यासारखं वाटतं. तुमच्या मुलांना हे आधीच येतं. ती घरी सांगतात, ‘बाबांनी सांगितलंय आपण आज येणार नाही म्हणून.’ तेच वहीत लिहायला लावा.

कोकणीचा प्रश्न मात्र सावकाश बघायला हवा. तो तुमच्या वर्गाचा खरा प्रश्न आहे.

आपल्या मुलांना एकाच लिपीत दोन भाषा लिहायच्या असतात आणि दोन्हींची लेखनपद्धती वेगळी. कोकणीत ‘नांव’, ‘गांव’, ‘पांच’, ‘केलें’ बरोबर. मराठीत ‘नाव’, ‘गाव’, ‘पाच’, ‘केले’. कोकणीत ‘आनी’, मराठीत ‘आणि’. बसच्या पाटीवर ‘मडगांव’, पाठ्यपुस्तकात ‘मडगाव’. सकाळच्या तासाला जे बरोबर ते दुपारच्या तासाला चूक. मुलाने मराठीच्या वहीत ‘माझें नांव’ लिहिलं तर ते निष्काळजी नाही, त्याच्या कानाला ते नाकातलं टिंब ऐकू येतंय. कोकणीत ते अजून जिवंत आहे. रोमी लिपीतसुद्धा ते सुटत नाही, तिथे ‘तें’च्या शेवटी ‘एम’ हे अक्षर येतं. जी लिपी असेल तिने त्या नादाला कुठेतरी जागा द्यावीच लागते.

आणि मुलांना हेही सांगा, की ‘माझें नांव’ हे कधीकाळी मराठीतसुद्धा शुद्ध होतं. मराठीत ही टिंबं पूर्वी व्युत्पत्तीप्रमाणे द्यायची पद्धत होती. उच्चारात ती कधीच विरली होती, कागदावर उरली होती. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले १४ नियम १९६२ मध्ये महाराष्ट्र शासनाने मान्य केले आणि ही न ऐकू येणारी टिंबं गेली. १९७२ मध्ये आणखी ४ नियम जोडले गेले, म्हणून आज आपण १८ नियम म्हणतो. त्याच नियमांत अशीही सोय आहे, की केशवसुतांच्या आधीची कविता आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य छापताना मूळ लेखन तसंच ठेवावं. म्हणून अभंगांच्या पोथीत आजही टिंबं दिसतात आणि ती चुकीची नाहीत.

तारखा बघा: १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि पुढच्याच वर्षी मराठीचं लेखन बदललं. आमच्या घरी आजोबांची भजनाची वही आहे. जांभळी पडलेली शाई, सुवाच्य अक्षर, आणि पानापानावर ‘नांव’, ‘कांहीं’, ‘तेथें’. ते शाळेत जे शिकले ते त्यांनी आयुष्यभर लिहिलं. त्या वहीवर लाल पेन चालवायचा विचार तरी कुणी करील का? नियम म्हणजे एका काळाच्या लोकांनी एकमेकांशी केलेला करार आहे. करार बदलतो, म्हणून मोडलेला चालतो असं होत नाही. आज मराठी छापताना आजचा करार पाळायचा. पण करार मोडणं आणि भाषा न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मुलाला त्यातलं नेमकं काय झालंय हे शिक्षकाने सांगायला हवं.

या टिंबाची एक छटा अजून शिल्लक आहे. इथे मी ‘असं’, ‘केलं’, ‘म्हटलं’ लिहिते आहे. बातमीत ‘असे’, ‘केले’, ‘म्हटले’ लिहीन. दोन्ही शुद्ध. एक बोलण्याचं, एक छापण्याचं. पण एकाच परिच्छेदात दोन्ही मिसळली, की बोलणारा माणूस मध्येच बदलल्यासारखा वाटतो. मुलाला सांगा, कुठलंही एक धर आणि शेवटपर्यंत सोडू नकोस.

ह्रस्व-दीर्घाचं माझं मत ऐका, पटलं तर घ्या. दर डिसेंबरात फलक लागतात, आणि त्यांतले काही ‘गोवा मुक्ती दीन’ असे असतात. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे लाचार. ज्या दिवसासाठी लोकांनी तुरुंग भोगले त्याच्या फलकावर ‘दीन’ बघवत नाही, आणि तिथे मी फोन करून सांगते. पण ‘मुक्तीदिन’ की ‘मुक्तिदिन’? सुटा शब्द ‘मुक्ती’ दीर्घ, समासात मात्र संस्कृत मूळ रूप म्हणून ह्रस्व: मुक्तिदिन, तसाच गोव्याचा १८ जूनचा क्रांतिदिन. नियम तर्काला धरून आहे, छापताना मी तो पाळते. पण सातवीच्या मुलाने ‘मुक्तीदिन’ लिहिलं तर अर्थाला धक्का लागत नाही. त्याला मी पेन्सिलीने खूण करीन, गुण कापणार नाही. ‘दीन’ला लाल. तेच ‘फूल’ आणि ‘फुलाला’, ‘बहीण’ आणि ‘बहिणीला’ यांचं. शेवटचं अक्षर वाढलं की आधीचा स्वर आखडतो, हे उच्चारून दाखवलं तर मुलं कानाने शिकतात. ‘शरीर’चं ‘शरीराला’ होतं, ते संस्कृतातून जसंच्या तसं आलंय म्हणून आखडत नाही, हे वरच्या वर्गात सांगितलं तरी चालेल.

काही खुणा अशा आहेत, की दिसायला क्षुल्लक आणि परिणामाने मोठ्या. ‘पावसाळ्यात दर्यात उतरू नये.’ ‘पावसाळ्यात दऱ्यांत उतरू नये.’ गोव्यात दोन्ही सूचना खऱ्या आहेत. एक किनाऱ्यावरची, एक दूधसागरच्या वाटेवरची. पहिल्यात रफार, दुसऱ्यात चंद्रकोरीसारखा अर्धा ‘ऱ’. मोबाईलवर लिहिताना पुष्कळ जण ‘दर्या’च टाइप करतात, कारण दुसरा ‘ऱ’ कुठे आहे ते माहीत नसतं. कीबोर्डवर नुक्त्याचा ‘ऱ’ शोधायचा, त्याला हलन्त लावायचा, मग ‘य’. दोन दिवसांत बोटांना सवय होते. तसंच ‘दुःख’. विसर्ग हे वेगळं अक्षर आहे. त्याच्या जागी अपूर्णविरामाची दोन टिंबं टाकली तर दिसतं जवळपास तसंच, पण ओळ तुटताना शब्द मधोमध फुटतो आणि शोधायला गेलं तर सापडत नाही. निधनवार्तेत ‘दु’ एका ओळीवर आणि ‘खद’ दुसऱ्या ओळीवर गेलेलं मी पाहिलंय. आणि ‘की’ कायम दीर्घ. ह्रस्व ‘कि’ हिंदीतून कीबोर्डच्या सूचनांमधून येतो. बोट घाईत त्यावर पडतं.

वेदान्त आणि वेदांत ही जोडी तुम्हाला ठाऊक असेल. एक तत्त्वज्ञान, दुसरं म्हणजे ‘वेदांमध्ये’. नियम म्हणतो, गोंधळ होत असेल तिथे अनुस्वाराऐवजी अक्षर लिहा, नाही तर तुमच्या मर्जीप्रमाणे. म्हणून गोमंतक आणि गोमन्तक दोन्ही बरोबर. नियम असा असावा असं मला वाटतं: गरज असेल तिथे ठाम, नसेल तिथे मोकळा.

एवढं झाल्यावर विरामचिन्हं. ती आपल्याकडे उशिरा आली. मोडीत शब्दसुद्धा तोडत नसत, पोथीत दंड पुरत असे. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये आपल्या जुन्या गोव्यात उतरला, फादर स्टीफन्स यांचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं ते रोमन अक्षरांत. देवनागरी छपाई अजून खूप लांब होती. मराठीत स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह रुजली ती एकोणिसाव्या शतकात, आणि ते काम नेटाने करणाऱ्यांत इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांचं नाव पहिलं येतं. त्याआधी मराठीचं भागत कसं असेल? शब्दांनी. ‘उठून, आवरून, चहा घेऊन निघालो’ यात दोन स्वल्पविराम काढले तरी काही बिघडत नाही. ‘ऊन’ प्रत्ययच श्वास घेतो. ‘तर’, ‘म्हणून’, ‘ना’, ‘का’ ही आपली मुळातली विरामचिन्हं आहेत. ‘येशील ना’ला प्रश्नचिन्ह नसलं तरी तो प्रश्नच राहतो.

म्हणून मुलांना ‘जिथे थांबाल तिथे स्वल्पविराम द्या’ असं सांगू नका. ती सगळीकडे थांबतात. स्वल्पविराम गोष्टी वेगळ्या करण्यासाठी, बोलणं सुरू होण्याआधी, आणि ‘असे’च्या आधी. इतर जागी हात आखडता घ्यावा. चिन्ह बाहेरून आलं की त्याच्या मागे वाक्याची चालही येते. ‘मात्र, पंचायतीने परवानगी दिली नाही.’ हे वाक्य रोज दिसतं. पण ‘मात्र’ हा शब्द ज्याला वेगळं काढायचं त्याच्या मागे बसतो: ‘पंचायतीने मात्र परवानगी दिली नाही.’ म्हणजे इतरांनी दिली, हिने नाही. आणि ‘पंचायतीने परवानगी मात्र दिली नाही’ म्हणजे चर्चा केली, आश्वासनं दिली, परवानगी दिली नाही. वाक्याच्या सुरुवातीला आणून स्वल्पविरामाने तोडला, की ‘मात्र’ची ही सगळी ताकद जाते आणि तो ‘पण’चा भाऊ होऊन बसतो.

स्वल्पविरामावर भार टाकू नये याचं दुसरं उदाहरण. ‘सरपंच, त्यांचे मेहुणे आणि ठेकेदार यांनी जागेची पाहणी केली.’ किती माणसं? तीन असतील. किंवा दोन, आणि मेहुणेच ठेकेदार. दुसरा अर्थ घेतला तर हा आरोप झाला. इथे स्वल्पविराम हलवून काही होत नाही. ‘सरपंच, ठेकेदार आणि सरपंचांचे मेहुणे यांनी’ असा क्रम केला की तीन माणसं तीन राहतात. निधनवार्तेतली गोष्ट पुन्हा तीच.

आता ज्या गोष्टीसाठी मला कुठलंही पुस्तक लाल पेन देत नाही, तिथे मी सगळ्यात जास्त लाल करते. ‘डोंगर कापण्यात आला.’ ‘झाडे हटवण्यात आली.’ ‘पाइपलाइन फोडण्यात आली.’ व्याकरण निर्दोष, शुद्धलेखन निर्दोष. पण कुणी? मराठीत भूतकाळ सांगताना करणारा सहसा सुटत नाही. ‘कापला’ म्हटलं की ‘कुणी’ हे कानाला हवंच असतं, ठेकेदाराने कापला, मालकाने कापला. ‘-ण्यात आले’ हे कागदोपत्री वळण तो ‘ने’ गिळून टाकतं. डोंगरकापणीच्या बातमीत तो ‘ने’ म्हणजेच बातमी. मी कागदाच्या कडेला ‘कुणी?’ एवढंच लिहून कॉपी परत करते. बातमीदार कधी फोन लावून नाव आणतो, कधी ‘कापणाऱ्याचे नाव पंचायतीने दिले नाही’ असं वाक्य आणतो. दोन्ही चालतात. मुलांच्या निबंधातसुद्धा ‘आमच्या शाळेत क्रांतिदिन साजरा करण्यात आला’ असतं. ‘आम्ही साजरा केला’ असं करायला सांगा आणि बघा, पुढची चार वाक्यं आपोआप जिवंत येतात. काय केलं, कुणी गाणं म्हटलं, पाऊस कसा आला.

गोव्याची मराठी गोव्याची राहील का, असं तुम्ही विचारलंत. शब्दांवर तर मी कधीच काट मारत नाही. कुळागर (माडापोफळीची बाग), खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन), मानस, पोदेर (पाववाला), पावणी (लिलाव) हे शब्द पुण्यामुंबईच्या वाचकाला समजत नसतील तर तो वाक्यावरून समजून घेईल. मला काळजी असते ती त्यांच्या शेपटांची. खाजनाचं ‘खाजनात’, पोदेराचं ‘पोदेराने’, आणि मानस, म्हणजे बांधावरचं ते पाण्याचं दार, तिचं ‘मानशीची दुरुस्ती’. ‘मानसची दुरुस्ती’ असं लिहिलं तर गावचा माणूस म्हणेल, हे मनाबद्दल आहे की बांधाबद्दल? हे रूप सांगायला बहुतेकदा गावातलं मोठं माणूसच लागतं. मुलांना घरी विचारून यायला लावा. आपला शब्द मराठीच्या चालीत बसवला, की तो मराठीत राहतो. न वाकवता अवतरणात ठेवला, तर तो पाहुणाच राहतो.

उलट दिशेचंही एक सांगते. तुमच्या वर्गात एखादी मुलगी लिहील, ‘माझी धाकटी बहीण हुशार आहे. ते तिसरीत आहे.’ कोकणीत लहान मुलीला, धाकट्या बहिणीला ‘तें’ म्हणतात, त्यात माया असते. मराठीत ‘ती’. इथे दुरुस्ती कराच, कारण मराठी वाचकाला ‘ते’ म्हणजे कोण, हे कळणार नाही. पण दुरुस्त करताना तिला तिच्याच भाषेत सांगा, की कोकणींत तें, मराठीत ती, दोन्ही तुझ्याच. ते सांगितलं नाही तर तिला वाटेल की घरी आई चुकीचं बोलते.

वही तपासायची माझी पद्धत विचाराल तर आधी पेन बाजूला ठेवून निबंध मोठ्याने वाचते. जिथे अडखळते तिथे बोट ठेवते. मग लाल फक्त तिथे, जिथे दुसरा अर्थ निघतो: दीन, दर्या, ते, कै. आणि ‘कुणी?’ पेन्सिल तिथे, जिथे करार मोडलाय पण अर्थ शाबूत आहे. ‘नांव’सारख्या शब्दाखाली मी एक छोटा ‘को’ लिहिते, म्हणजे कोकणीत बरोबर, इथे बदल. एका निबंधात तीनपेक्षा जास्त लाल खुणा करत नाही. उरलेल्या पुढच्या निबंधात.

आणि पुढच्या सोमवारी मुलांना घरातलं जुनं काहीही मराठी लेखन आणायला सांगा. आजीचं पत्र, देवघरातली आरतीची वही, जमिनीचा कागद, नाटकाची पत्रिका. त्यांतल्या ‘नांव’, ‘गांव’, ‘केलें’ यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारू द्या, आणि कागदावर साल असेल तर ते बघू द्या. १९६२ च्या आधीचं असेल तर तसंच ठेवायचं, नंतरचं असेल तर वर्गात बोलायचं.